प्रोब सोनिकेटर वापरताना या चुका टाळा

प्रोब सोनिकेटर म्हणजे द्रवात बुडवलेल्या धातूच्या दांडीच्या (प्रोबच्या) कंपनांनी पेशी फोडणारं यंत्र. फोडलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की विरघळलेलं प्रोटीन वरच्या द्रवात (सुपरनेटंट) राहतं, न विरघळलेलं तळाच्या गाळात (पेलेट) जातं. ‘प्रोटीन सगळं पेलेटमध्येच जातंय’ अशी तक्रार आली की जेलच्या (प्रोटीन वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीच्या) आधी बर्फाचा डबा बघावा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा हा प्रकार ठरलेला. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे खडे, त्यात प्लास्टिकची नळी, नळीत ई. कोलाय जिवाणूंचं ५ मिली सस्पेन्शन आणि बटण दाबून सलग ३ मिनिटं. खडे नळीला दोन-चार ठिकाणीच टेकतात, मधे नुसती हवा. प्लास्टिकमधून उष्णता सावकाश जाते, प्रोब मात्र ती भराभर आत ओतत असतो. बाहेरून नळी गार लागते, आत प्रोटीन शिजून पांढरं फुटतं. मग ‘इन्क्लुजन बॉडी (पेशीतच झालेल्या प्रोटीनच्या गुठळ्या) झाल्या’ असं ठरवून आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) कमी करा, कल्चर ३७ वरून १८ अंशांवर न्या, असे पंधरा दिवस जातात. दोष कल्चरचा नसतोच.

पडताळा सोपा आहे. त्याच कल्चरच्या न फोडलेल्या पेशींच्या पेलेटचे दोन भाग करा. एक नेहमीसारखा फोडा, दुसरा नीट थंड ठेवून, आणि दोन्हींचे सुपरनेटंट व पेलेट एकाच जेलवर चालवा. थंड भागातलं प्रोटीन सुपरनेटंटमध्ये दिसलं, तर गुन्हेगार उष्णताच.

थंड ठेवणं म्हणजे बर्फाचा चुरा, थोडं पाणी आणि मूठभर मीठ. नळी द्रवाच्या पातळीच्या वरपर्यंत त्यात बुडवा. ३ मिमी टिप (प्रोबचं टोक) असेल तर ॲम्प्लिट्यूड (कंपनाचा जोर) ३०-४० टक्के, ५ सेकंद चालू, १० सेकंद बंद. चालू वेळ एकूण २ मिनिटं, म्हणजे घड्याळात ६ मिनिटं. ‘दोन मिनिटं सोनिकेट केलं’ असं वहीत लिहिणाऱ्याने ती कुठली दोन मिनिटं, हेही लिहावं. बंद वेळ वाचवणाऱ्यांचा दिवस पुढे सेंट्रिफ्यूजपाशी वाया जातो. चालू वेळेच्या दर मिनिटाला थांबून थर्मामीटर घाला. १० अंशांच्या वर गेलं तर थांबाच.

दुसरी आवडती चूक फेसाची. टिप पृष्ठभागाजवळ आली की हवा आत ओढली जाते, आवाज किंचाळल्यासारखा होतो आणि पडद्यावरचे वॅट एकदम पडतात. नवखा माणूस इथे ॲम्प्लिट्यूड वाढवतो. फेसात ऊर्जा पुढे जातच नाही, त्यामुळे पेशी फुटत नाहीत आणि हवेच्या बुडबुड्यांवर प्रोटीन बिघडतं ते वेगळंच. मशीन बंद करा, नळी पाच मिनिटं बर्फात ठेवा, मिनिटभर सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने फिरवा, खाली बसलेल्या पेशी पुन्हा द्रवात मिसळा आणि कमी ॲम्प्लिट्यूडवरून सुरुवात करा. टिप साधारण १ सेंमी आत असावी, तळाला किंवा भिंतीला टेकू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. टिप हवेत चालवून ‘चालतंय का’ बघू नये. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या विकरांना अडवणारं रसायन) पाण्यात टिकत नाही. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अगदी शेवटी घाला, १ मिलिमोलर. बदलायची टिप सैल असेल तर पॉवर मिळत नाही, वर आटे खराब होतात. पान्याने घट्ट करा. टिप अल्कोहोलने पुसा, अल्कोहोलमध्ये चालवू नका. कानाला मफ लावा. सोनिकेटरचे २० किलोहर्ट्झ ऐकू येत नसले तरी कॅव्हिटेशनचा (द्रवातले बुडबुडे फुटण्याचा) गोंगाट येतो.

केळीच्या पानाचा तुकडा थेट प्रोबखाली धरणारेही आहेत. वांगं अख्खं ठेवून भरीत होत नाही. पेशीभित्तिका आणि तंतू आधी द्रव नायट्रोजनमध्ये खलात कुटा, बफरमध्ये पीव्हीपीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पूड) घाला, नाहीतर पॉलिफेनॉलमुळे अर्क तपकिरी पडतो. सोनिकेशन त्यानंतर, तेही मोजकंच.

झालं कधी हे वेळेवरून नको, द्रवावरून ठरवा: गढूळपणा कमी होऊन पारभासक दिसायला हवा आणि पिपेटमधून पडणाऱ्या थेंबाला डीएनएची तार नको. शिवाय टिपचं टोक खरखरीत, राखाडी आणि खड्डे पडलेलं दिसत असेल, तर टिप बदला. तिचे टायटॅनियमचे कण तुमच्या नमुन्यात पडत असतात.