लोखंड-गंधकाच्या प्रयोगातून मिश्रण आणि संयुग यांतला फरक कसा दाखवावा

गॉगल लावा, खिडक्या उघडा. प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतच करायचा, स्वयंपाकघरात नाही.

लोखंड आणि गंधक ही दोन मूलद्रव्ये. वजनाने 7 भाग लोहचूर्ण आणि 4 भाग गंधकाची पूड कागदावर एकत्र केली की झाले मिश्रण. चुंबक पातळ कागदात गुंडाळून फिरवा. लोखंड वर येते, पिवळी पूड खाली राहते. चुंबक उघडा वापरलात तर चूर्ण खरवडतच बसाल.

आता तापवणे. सगळा घोळ इथे होतो.

पहिली गोष्ट, चमच्याने मोजू नका. लोखंड गंधकाच्या जवळजवळ चौपट जड, त्यामुळे चमच्यांचे प्रमाण वजनात भलतेच निघते. लोखंडाचा अणुभार (अणूचे तुलनात्मक वजन) 56, गंधकाचा 32. 7:4 हे प्रमाण तिथून आले आहे. लोखंड जास्त पडले तर ते तसेच उरते, तापवून तयार झालेला गोळा चुंबकाला चिकटतो आणि मुले वहीत उलटाच निष्कर्ष लिहितात.

दुसरी, परीक्षानळीत दोनेक ग्रॅमच मिश्रण घ्या आणि तोंडाशी ग्लास वूलचा (काचेच्या तंतूंच्या कापसाचा) सैल बोळा ठेवा. बोळा नसेल तर गंधकाची वाफ तोंडाशी पेटते आणि सल्फर डायऑक्साइड वर्गभर पसरतो. दमा असलेल्या मुलांना तो फार बाधतो.

तिसरी, ‘लालबुंद होईपर्यंत तापवत राहा’ हा सल्ला साफ चुकीचा. फक्त तळ तापवा. गंधक वितळून काळपट होते, मग तळाशी नारिंगी ठिणगी धरते. त्या क्षणी बर्नर काढा. धग आपोआप वर सरकत जाते, कारण आता उष्णता अभिक्रियेतूनच येते आहे. हे मुलांनी पाहिलेच पाहिजे. नुसते मिसळताना असे काही झाले नव्हते.

पूर्ण गार झाल्यावर नळी फडक्यात गुंडाळून फोडा. आतला काळसर गोळा म्हणजे आयर्न सल्फाइड हे संयुग: लोखंडासारखा चुंबकाकडे झेपावत नाही, पिवळेपणाही गेलेला.

‘संयुगातले घटक वेगळे करता येत नाहीत’ असे मात्र शिकवू नका. येतात, पण चुंबकाने किंवा गाळून नाही. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतातच.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी घ्यायची तर या गोळ्याच्या वाटाण्यापेक्षा लहान तुकड्यावर, खिडकीशी. सडक्या अंड्याचा वास येतो तो विषारी हायड्रोजन सल्फाइडचा. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नका. तो नाक बधिर करतो.