ट्यूबलेस सायकल: घाट उतरण्याआधी घरी काय बघायचं

ग्रुपवर नवीन आलेलं कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, ट्यूबलेस करू का? घाटात टायर निघून तर नाही ना येणार?" ट्यूबलेस म्हणजे टायरमध्ये ट्यूब नाही, नुसती हवा आणि भोकं आपोआप बुजवणारं पातळ सीलंट. मी 2021 पासून ट्यूबलेसवर आहे. टायर 32 मिमीचे, नेहमीचा रस्ता हडपसर-दिवे घाट-सासवड-जेजुरी. करा की! पण एकदा बसवलं की बघायलाच नको असं वाटत असेल, तर ट्यूबच बरी.

मी स्वतः ते करून बसलेय. दिवाळीत सीलंट भरलं आणि थेट एप्रिलमध्ये आठवलं, तेही सासवडच्या अलीकडे, मागचं चाक फुस्स झाल्यावर. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार घुसली होती. एवढंसं भोक सीलंटनं चाकाच्या चार फेऱ्यांत बुजवायला हवं होतं. टायर उघडला तर आत वाळलेल्या सायीसारखा पापुद्रा, ओल नावालाही नाही. ट्यूब टाकायची तर व्हॉल्व्ह काढायला हवा, आणि त्याची चकती मीच घरी पकडीनं आवळून ठेवलेली. शेवटी रसवंतीवाल्याकडून पक्कड मागून आणली. ट्यूब टाकली, दोन किलोमीटर गेले, पुन्हा फुस्स. या वेळी बाभळीचा काटा. तो त्या दिवशीचा नव्हताच. कधीतरी घुसला, सीलंटनं तिथंच गप्प केला आणि टोक आत तसंच राहिलं.

तेव्हा ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवायचा. बोटानं नको, फडक्यानं. काटा असला की धागा अडकतो. माझ्या टायरमधून त्या दिवशी सात काटे निघाले. व्हॉल्व्हची चकती बोटांनी आवळता येईल तेवढीच आवळा. आणि हा सगळा खटाटोप एकदा घरच्या गॅलरीत करून बघा. काही टायरची कड रिमवर इतकी घट्ट बसते की लिव्हर मोडतो. ते घरी कळलेलं बरं.

सीलंट बहुतेक लॅटेक्सचं असतं, आणि आपल्या उन्हाळ्यात ते भराभर आटतं. मी दर तीन महिन्यांनी तपासते, मार्च ते मे दर महिन्याला. व्हॉल्व्ह वर ठेवून हवा हळूहळू सोडा, मग त्याची आतली सुई काढा. आता व्हॉल्व्ह तळाशी आणून थोडं थांबा आणि त्यातून पातळ झिप टाय आत घाला. गाडीचं ऑइल बघतो तसंच. टोक कोरडं आलं तर भरायची वेळ झाली. भरताना व्हॉल्व्ह घड्याळातल्या 4 किंवा 8 च्या जागी ठेवायचा, म्हणजे सीलंट उलटं अंगावर येत नाही. 32 मिमीच्या टायरला मी 50 मिली घालते.

आता घाटात टायर निघण्याची भीती. ती उगाच नाही, पण तिचं मूळ बहुतेक वेळा रिम आणि टायरच्या जोडीत असतं. रिमच्या आतल्या कडेला हुक, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारा वाक, आहे की नाही, हे आधी बघा. हुक नसेल तर कमाल दाब 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय, टायरवर जास्त लिहिलं असलं तरी. दोन्ही कंपन्यांच्या यादीत तुमची जोडी आहे का तेही बघा. 2024 च्या फेब्रुवारीत यूएई टूर या सायकल शर्यतीत थॉमस डे गेंट हा सायकलपटू पडला, त्याचा टायर रिमवरून सुटला आणि हुकलेसवर, म्हणजे बिनहुकाच्या रिमवर, मोठा वाद पेटला. माझ्या रिमला हुक आहे. वजन थोडं जास्त, झोप चांगली लागते.

माझी स्वतःची एक परीक्षा आहे: टायर बसवला की सगळी हवा सोडायची आणि अंगठ्यानं कड आत ढकलून बघायची. जागची हलली नाही, तर हवा गेल्यावरही टायर रिम धरून राहायची शक्यता चांगली. जराशा दाबानं सुटली, तर मी त्या टायरवर दिवे घाट उतरत नाही. आधी रिम टेप, म्हणजे रिमच्या आतून चिकटवलेली हवा धरणारी पट्टी, बघते: ती रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोनेक मिमी जास्त हवी आणि आऱ्यांच्या भोकांवर कुठे फुगलेली नको.

कड बसताना फट् फट् आवाज येतो, तो यायलाच हवा. साबणाचं पाणी लावा म्हणजे सोपं जातं. पण बसत नाही म्हणून पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरवर कमाल दाबाच्या वर जाऊ नका, आणि तोंड चाकासमोर धरू नका.

उतारावर पुढचं चाक मऊ लागलं, तर वळणात काही करायला जाऊ नका. सायकल सरळ करून मागच्या ब्रेकनं हळूहळू थांबा.

खिशात सायकलचा बारीक प्लग (भोकात खुपसायची रबरी वात), एक ट्यूब, पंप, एवढं हवंच. रस्त्यावरचा पंक्चरवाला मदतीला धावून येतो, पण त्याच्याकडची प्लग खुपसायची अणी मोटारसायकलच्या टायरसाठी असते. आपल्या टायरला ती लावली की सुईच्या भोकाचा बोगदा होतो. मी आधीच सांगते, "दादा, फक्त पाण्याचं घमेलं द्या. बाकी माझं मी बघते."