सुरमईसाठी शिसं लावून खोल ट्रोलिंग: निघण्याआधीची तयारी

ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत मासे पकडणं; शिसं लावलं की आमिष खोल जातं. दोरीवर खुणा केल्यात का? बाकीचं नंतर. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं. पहिली सुरमई लागली तेव्हा दोरी किती बाहेर होती हे होडीत कुणालाच सांगता येईना, आणि उरलेला दिवस अंदाजपंचे दोरी सोडण्यात गेला.

तर खुणा आदल्या संध्याकाळी, घरीच. होडीत बसून होत नाहीत. गच्चीवर टेपने ५ मीटर मोजा आणि तेवढ्या अंतरावर दोरी ओढत चला. शून्य म्हणजे शिसं बांधतो ती जागा; पुढचा लीडर, म्हणजे शिसं आणि आमिष यांच्यामधला दोरीचा तुकडा, मोजायचा नाही. १० मीटरला एक पट्टा, २० ला दोन, ३० ला तीन, ४० ला चार. पट्टा वीतभर लांब, पक्क्या काळ्या मार्करने, दोरी बोटांत फिरवून सगळ्या बाजूंनी. शाई वाळल्यावरच रीलवर गुंडाळा, नाहीतर खालच्या फेऱ्यांवर डाग उमटतात आणि समुद्रात खूण कुठली नि डाग कुठला ते कळत नाही. तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या गुळगुळीत एकेरी दोरीवर, शाई धरत नाही. तिथे मेण लावलेला दोरा चार-पाच वेढे देऊन घट्ट बांधा. पहाटेच्या अंधारात तो बोटालाही लागतो. मीटर मोजणारं रील असेल तरच हा खटाटोप सोडा. आणि दोरी तुटून परत बांधली की सगळ्या खुणा तेवढ्याने सरकतात, हे लक्षात ठेवा.

दोरी विणलेली घ्या, ५० पौंडी पुरे. तेवढ्याच ताकदीचं तंगूस जवळपास दुप्पट जाड असतं आणि पाणी जाड दोरीला वर ढकलतं. लोक इथे चुकतात: शिसं वाढवत जातात, दोरी मात्र जाडच ठेवतात.

शिसं १५०, २५० आणि ४०० ग्रॅमचं, प्रत्येकी दोन. लांबट, दोन्ही टोकांना कडी असलेलं. गोल गोळा नको, तो ओढताना गरगरतो. दोन्ही कड्यांना बॉल बेअरिंगचे स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारे जोड), साधे नकोत. चमचा, म्हणजे धातूचं चकचकीत आमिष, फिरत राहतो, तो पीळ स्विव्हलने खाल्ला नाही तर तासाभरात दोरीचा गुंता होतो. शिशाच्या मागे ४ मीटर लीडर, ६० ते ८० पौंडी, आणि आमिषाआधी वीत-दीड वीत तार. सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, तारेशिवाय जाऊच नका. लीडर याहून लांब ठेवायचा मोह आवरा. शिसं रॉडच्या टोकाला अडकलं की तिथून पुढे मासा हातानेच ओढायचा असतो, म्हणून जाड हातमोजेही घ्या.

वेग तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, आधीच ठरवा: ३ ते ४ नॉट. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा ओढा चौपट होतो आणि शिसं वर येतं. दोरी दुप्पट सोडली म्हणून खोली दुप्पट होत नाही. दोरी पाण्यात बाक घेते आणि पुढचे १० मीटर आधीच्या १० पेक्षा कमी खोली देतात. म्हणून कागदावर हिशोब करत बसू नका. सपाट वाळूचा तळ बघा, फिशफाइंडरवर (खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) ८ मीटर दिसला की गळ काढलेलं आमिष लावून हळूहळू दोरी सोडा. रॉडचं टोक ठकठक करू लागलं की शिसं तळाला लागलं. त्या क्षणी रॉडच्या टोकाशी कुठली खूण आहे ते वहीत लिहा, सोबत शिशाचं वजन आणि वेग. तीनही वजनांसाठी हे करा. खुणा नसतील तर लिहिणार काय? खूण कायम एकाच जागी वाचा, कधी टोकाशी कधी रीलशी असं नको.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडकांवर, प्रवाळावर शिसं ओढू नका. हद्द आधीच विचारून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सोडताना आधी आमिष, होडीच्या बाजूला ते नीट पोहतंय का बघा, मग लीडर, मग शिसं. अंगठा स्पूलवर ठेवून सावकाश. सैल सोडलंत तर शिसं आमिषाच्या पुढे बुडतं आणि गळ स्वतःच्याच दोरीत अडकतो. शिशाच्या दोऱ्या जवळ, बिनशिशाच्या लांब मागे. वळण मोठं घ्या, आतल्या बाजूची दोरी वळताना मंदावते आणि खाली जाते. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील दोरी सोडू लागतं ते, तराजूने तपासा, दोरीच्या ताकदीच्या चौथाईपर्यंत.

मासा लागला की आधी खूण बघा, मोठ्याने सांगा, कुणीतरी लिहा. मगच बाकीच्या शिशाच्या दोऱ्या गुंडाळा. होडी मंदावली की त्या सरळ तळाला जाऊन खडकात बसतात. शिसं टोकाशी आलं की दोरी ढिली पडू देऊ नका, आणि शिशाच्या रेषेत तोंड नको, गळ सुटला तर ते उसळून येतं.

गॅफ (मासा होडीत ओढायचा आकडा), बर्फ, पाणी, लाइफ जॅकेट. शिशाला हात लावल्यावर हात धुऊनच डबा उघडा.

परतल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा, दोरी वाळवा, आणि खुणा फिकट झाल्या असतील तर त्याच संध्याकाळी परत ओढा.