खाडीचं पाणी जातं कुठे? साधा ड्रिफ्टर बनवून बघा

वाशीच्या पुलावरून निर्माल्य वाहताना दिसतं, पण ते पाण्याबरोबर चाललंय का वाऱ्याबरोबर हे वरून कळत नाही, आणि ड्रिफ्टर, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाऊन प्रवाह दाखवणारं तरंगतं साधन, बनवताना सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे. नुसता डबा सोडला तर वारा त्याला ढकलत नेतो. म्हणून खाली कापड हवं, पाण्याला धरून ठेवायला. खुल्या समुद्रातल्या ड्रिफ्टरचं कापडी नळकांडं १५ मीटर खोल लटकतं, किनाऱ्याजवळ १ मीटर पुरतं, आपल्या खाडीत मी अर्धा मीटरच ठेवते कारण चिखल फार वर आहे.

पीव्हीसी पाइपला ताडपत्रीची चार पाखं अधिकच्या चिन्हासारखी बांधा, तळाला वजन, वर चार छोटे फ्लोट. जीपीएस ट्रॅकर हवाबंद डब्यात, आणि डबा पाण्याच्या जेमतेम वर, कारण खाऱ्या पाण्यातून सिग्नल जात नाही पण जास्त उंच केला तर परत वारा लागतो. जागा सॅटेलाइटवरून कळते, निरोप मात्र सिमकार्डवरून येतो, खाडीत रेंज असते त्यामुळे भागतं. परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर (थेट सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र) मागवू नका हं, आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. डब्यावर फोन नंबर लिहा आणि सागरी पोलिसांना आधी कळवा.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. माझा पहिला ड्रिफ्टर भरतीने ऐरोलीकडे तिवरांत घुसला, मग ओहोटी लागली आणि तो कमरेएवढ्या चिखलापलीकडे अडकला, गेलाच. तेव्हापासून ओहोटी सुरू झाली की मधल्या खोल पाण्यात सोडते आणि पाणी पूर्ण उतरायच्या आत होडीतूनच उचलते. होडीवाले दादा ओळखीचे असले की काम सोपं, त्यांना पाणी कुठे वळतं ते आधीच माहीत असतं. भरतीचं टाइमटेबल अपोलो बंदराचं असतं, खाडीत आत पाणी त्यानंतर चढतं हे लक्षात ठेवा. उधाणाला (मोठ्या भरती-ओहोटीला) आणि भांगाला (लहान भरती-ओहोटीला), दोन्ही वेळा सोडा, वेगात खूप फरक पडतो.

नोंद ५ मिनिटांनी घ्या. जीपीएस ५ मीटर चुकतोच, दर १० सेकंदांनी घेतलं तर चुकीलाच वेग समजून बसाल. हिशोब सोपा, आपल्या इथे अक्षांश-रेखांशाचा ०.००१ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण १११ मीटर, पूर्व-पश्चिम १०५. ५ मिनिटांत १५० मीटर गेला तर सेकंदाला अर्धा मीटर.