हार्ड डिस्क कधी दिसते, कधी नाही? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीच्या गावभागात खालच्या मजल्यावरचं सामान वर जातं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना टेकलं की इशारा आणि ४५ ला धोका. पण २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय ते त्याच्या आधीच आवराआवर सुरू करतात. गादी, गहू, फ्रीज, आणि त्याच घाईत घरातला सीपीयूही जिन्यावरून वर जातो. पाणी ओसरतं, सगळं परत खाली येतं, आणि आठवडाभरात मला फोन यायला लागतात: "अरे, कॉम्प्युटर कधी लागतो, कधी काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येऊन तिथंच थांबतो."

ते इंग्रजी बहुतेक वेळा एकच असतं: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. म्हणजे ज्या डिस्कवरून विंडोज चालू व्हायचं ती डिस्क मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटबोर्डाला, सापडलेली नाही, किंवा सापडली तरी तिच्यावरून सुरुवात करता आलेली नाही. मी दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो, आणि संध्याकाळी नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे सीपीयू उघडतो. या एका तक्रारीत लोकांनी घरच्या घरी गमावलेले फोटो आणि कागद मी इतक्यांदा पाहिलेत की आता हे लिहून ठेवावंसं वाटलं.

सगळ्यात मोठी चूक सगळ्यात साधी आहे. तीनदा बंद-चालू केल्यावर डिस्क दिसली, की माणूस "झालं नीट" म्हणून कामाला लागतो. तसं करू नका. ज्या दिवशी डिस्क पहिल्यांदा गायब झाली, त्या दिवशी ती परत दिसताच पहिलं काम कॉपीचं. पेन ड्राइव्ह असो, बाहेरची डिस्क असो, शेजाऱ्याचा लॅपटॉप असो. त्यातही क्रम ठेवा: आधी फोटो, मग मुलांची प्रमाणपत्रं, सातबारा, हिशेबाच्या फाइली. सिनेमे आणि गाणी शेवटी, विंडोज तर अजिबात नको, ते परत टाकता येतं. एकदम सगळी डिस्क ओढायला लावू नका. एकेक फोल्डर घ्या. मध्येच डिस्क गेली तरी जे आलं ते आलं.

दुसरी चूक सीपीयूला चापटी मारण्याची. "मारली की दिसते" हे खरंही असतं, कारण सैल झालेली पिन धक्क्यानं क्षणभर टेकते. पण फिरत्या डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड आहे. तुमच्या थापेनं केबल जागेवर येईल, आणि त्याच थापेनं हेड तबकडीला घासेल. चापटीनं दिसते याचा अर्थ एवढाच की जोडणी सैल आहे.

आणि अधूनमधूनच्या दुखण्यात जोडणीच जास्त वेळा दोषी निघते, निदान माझ्या अनुभवात. डिस्कला दोन वायरी जातात. अरुंद ती डेटाची, ७ संपर्कांची. रुंद ती वीज देणारी, १५ संपर्कांची. लहानशा प्लॅस्टिकच्या जिभेवर त्यांची सगळी पकड असते, आणि हे कनेक्टर ५० वेळा काढ-घाल सहन करावी एवढ्याच हिशेबानं बनवलेले असतात. बऱ्याच केबलींना पत्र्याची छोटी क्लिप असते. तिचा 'टक' आवाज आला नाही तर केबल बसलेली नाही असं समजा.

विश्रामबागेतल्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. त्या म्हणाल्या, "सकाळी लागतच नाही रे. काळा पडदा आला की बटणानं बंद न करता तसाच रीस्टार्ट केला, की लागतो." हे वाक्य माझ्यासाठी सोन्यासारखं होतं. रीस्टार्टमध्ये डिस्कची मोटर फिरतच राहते. थंड डिस्कला मात्र शून्यापासून वेग घ्यायचा असतो, आणि त्या काही सेकंदांत ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर जवळजवळ २ अँपिअर ओढते. म्हणजे संशय विजेवर किंवा मोटरवर. सीपीयूचं झाकण काढलं, तर डिस्कची वीज थेट एसएमपीएसमधून, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातून, नव्हतीच. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स वायरीला जोडलेल्या एका स्वस्त अडॅप्टरमधून ती येत होती. त्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकला एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखा तपकिरी रंग चढला होता, आणि पिवळ्या वायरीचं आवरण टोकाशी आक्रसून आतली तांब्याची तार दिसत होती. नाकाजवळ नेल्यावर जळका वास आला. वायरी प्लॅस्टिकमध्येच ओतून घट्ट केलेले असे अडॅप्टर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात. काकूंच्या डिस्कवर नातवाच्या बारशापासूनचे फोटो होते. तो अडॅप्टर मी तिथंच कापून टाकला आणि एसएमपीएसची मोकळी असलेली मूळ वायर लावली. तेव्हापासून सकाळची तक्रार गेली.

मल्टिमीटर असेल तर डिस्क चालू होत असताना मोजा. पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५. याच्या खाली घसरत असेल तर एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जीवघेणा भार धरून असतात. बाकी कुठलीही वायर काढण्या-घालण्याआधीही भिंतीतला प्लग काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

इथंच आणखी एक चूक होते: एकाच बैठकीत केबल बदलली, पोर्ट बदलला, मदरबोर्डवरचा सेल बदलला, विंडोजही नवीन टाकलं. मग बरं कशानं झालं ते कळत नाही, आणि महिन्यानं पुन्हा झालं की सगळं पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख घालून लिहा. आधी डेटा केबल, मग मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट, मग विजेची दुसरी वायर, आणि शेवटी ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावून बघा. तिथंही लपंडाव करत असेल तर दोष डिस्कचा.

डिस्क दिसत असतानाच क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. त्यात सी७ नावाची ओळ असते, सीआरसी एररची. हा आकडा वाटेत बिघडलेल्या डेटाचा, म्हणजे बहुधा केबलचा. तो कधी कमी होत नाही, म्हणून आज किती आहे ते लिहा आणि आठवड्यानं बघा. थांबला असेल तर केबल बदलल्याचा गुण आला. ०५ आणि सी५ या ओळी वाढत असतील तर तबकडीच खराब होतेय. तिथं केबलींचा खेळ थांबवा आणि नवी डिस्क घ्या. तिथले आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, दिसतात, १० म्हणजे १६. सेटिंगमध्ये दशमान करता येतं.

विंडोजनं "फॉरमॅट करायचं का?" किंवा "डिस्क इनिशियलाइज करा" असं विचारलं, तर उत्तर नाहीच. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, तीही कॉपी होईपर्यंत नको. आजारी डिस्कवर ती तासन्‌तास ओझं टाकते आणि दुरुस्त करताना फाइली इकडच्या तिकडं करते. माझ्या आत्यांनी असाच सीपीयू एका दुकानात दिला. तिथं न विचारता फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलं. दोष निघाला केबलचा. आत्यांच्या यजमानांचे शेवटच्या वर्षाचे फोटो मात्र परत आले नाहीत. म्हणून दुकानात देताना पावतीवरच लिहून घ्या: डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये.

कॉम्प्युटरचं घड्याळ दर वेळी मागं जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. मग बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात, एएचसीआयचा (डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचा) मोड किंवा बूटचा क्रम बदलतो, आणि धडधाकट डिस्क असूनही विंडोज चालू होत नाही. सेल थोडक्या पैशांत मिळतो. बायॉसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का, हे म्हणूनच सगळ्यात आधी बघायचं. तिथं दर वेळी दिसते आणि फक्त विंडोजमध्ये नाही, तर केबलीला हात लावायची गरज बहुधा नसते.

डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. फ्रीजरमध्ये ठेवणं, घरी झाकण उघडणं, दुसऱ्या डिस्कची सर्किटपट्टी लावणं, यातलं काहीही नको. फ्रीजरनं आत ओलावा धरतो, उघडल्यावर धूळ जाते, आणि प्रत्येक पट्टीवर तिच्या स्वतःच्या डिस्कची मोजमापं साठवलेली असतात, त्यामुळे दुसरी पट्टी सहसा चालतच नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात सामान वर नेताना अख्खा सीपीयू उचलण्याआधी दोन मिनिटं काढा. प्लग काढा, डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवा, बाजूचे चार स्क्रू काढा आणि डिस्क जाड टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या हातानं वर न्या. सीपीयू मागाहून गेला तरी चालेल.