घरच्या हिरवळीतील तण: खुरपे उचलण्यापूर्वी

हिरवळीत तण दिसले की आपण खुरपे घेऊन बसतो आणि हाताला लागेल ते उपटत सुटतो. घोळ, दुधी, एकदांडी यांना हा उपाय पुरतो. लव्हाळ्याला मात्र तो चांगलाच मानवतो. म्हणून समोरचे तण बियांवर जगणारे आहे की जमिनीखालच्या गाठींवर, हे आधी पाहून घ्यावे.

लव्हाळा ओळखणे अवघड नाही. त्याच्या फुलोऱ्याचा दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा बोटांना जाणवतात, आणि हिरवळ कापल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याची चकचकीत पाती इतर गवताच्या वर डोके काढतात. त्याच्या गाठी बारीक दोऱ्यांसारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात सापडतात. ही साखळी अखंड असेपर्यंत अनेक गाठी निजून राहतात. ती ओढून किंवा कुदळीने तोडली की सुटी झालेली गाठ स्वतंत्रपणे फुटते आणि एका कोंबाच्या जागी चार दिसू लागतात. कोंब वर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, त्यामुळे दर दहा-बारा दिवसांनी फेरी मारणे हेच या कामाचे खरे सूत्र आहे. जमिनीला वाफसा आला, म्हणजे माती ओलसर असली पण चिखल राहिला नाही, की अरुंद पात्याचे खुरपे कोंबाच्या शेजारी उभे खुपसावे, माती सैल करावी आणि गाठ हाताला लागेपर्यंत कोंब ओढू नये. गाठ हाती आली नाही तरी पात्यांना वाढू न दिल्याने तिच्यातला साठा हळूहळू संपतो. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. एका पावसाळ्यात लव्हाळा हटेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

बियांवर जगणाऱ्या तणांच्या बाबतीत वेळ साधणे महत्त्वाचे असते. आंबुशीच्या पिकलेल्या शेंगा धक्का लागताच तडकतात आणि बी दूर उडते, शिवाय तिच्या पसरणाऱ्या खोडांना पेरांशी मुळे फुटतात. म्हणून पिवळे फूल दिसताच ती मुळासकट काढावी आणि त्या जागेवरून गवत कापण्याचे यंत्र नंतरच फिरवावे. गाजरगवत काढताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते.

हिरवळ नव्याने लावायची असेल, तर निम्मे काम त्याआधीच होऊ शकते. तण बहुधा विकतच्या मातीतून आणि अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते, म्हणून माती चाळून गाठी वेचाव्यात आणि खत पूर्ण कुजलेलेच वापरावे. जमीन सपाट करून पाणी द्यावे, उगवलेले तण काढावे आणि हे दोनदा केल्यावरच गवत लावावे. एप्रिल-मे महिन्यांत ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे अंथरले, तर उन्हाच्या तापाने वरच्या थरातले बरेच बी मरते. लव्हाळ्याचे टोकदार कोंब मात्र ते प्लास्टिकही भेदून वर येतात.

लावलेल्या हिरवळीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपली तिला तळापासून तासण्याची हौस. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक कापू नये, म्हणजे जमिनीवर सावली राहते आणि बी उगवायला ऊन मिळत नाही. रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने सकाळी खोलवर द्यावे. सतत ओल धरणारा, निचरा नसलेला कोपरा लव्हाळ्याचे माहेरघर होतो. वाढीच्या दिवसांत दर १० चौरस मीटरला सुमारे १०० ग्रॅम युरिया सारखा पसरून लगेच पाणी दिले, तर गवत दाट होते.

हरळीचे प्रकरण निराळे आहे. ज्या गवताच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, त्याचीच कुणी हौसेने हिरवळ करतो आणि शेतकरी मात्र त्याला तण म्हणून खणून काढतो. मेक्सिकन गवताच्या हिरवळीत हरळी शिरली, तर दोन्ही धावणारीच गवते असल्याने ती वेगळी करणे जवळपास अशक्य होते. कडेला विटांची खोल ओळ घालून तिला आधीच अडवावे.

तणनाशकांचा वापर घरच्या छोट्या हिरवळीवर मी टाळावा असेच सांगेन. ग्लायफोसेट तणाबरोबर हिरवळही मारते, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंधही घातले. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांवर चालते, परंतु वाऱ्याबरोबर उडालेले त्याचे तुषार शेजारच्या टोमॅटोला, गुलाबाला किंवा द्राक्षवेलीला इजा करतात.

तण काढल्यावर उरलेला खड्डा त्याच दिवशी चाळलेल्या मातीने भरावा, हिरवळीच्या कडेचे धावते फुटवे तोडून त्यात दाबावेत आणि ते रुजेपर्यंत तेवढ्याच जागेला झारीने पाणी द्यावे.