रेकॉर्ड ऑफिसला मेल केला, उत्तर नाही? या चुका टाळा

“दादा, तीन डाव मेल केला. कुणी काय बोलंना.”

शेजारच्या वहिनींनी मोबाइल माझ्यापुढं धरला. मिस्टर हवालदार म्हणून रिटायर झालेले, जाऊन सात महिने झाले आणि फॅमिली पेन्शन अडकलेली. मेल गेला होता रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला. उघडला तर विषयाची जागा कोरी. आत एकच ओळ, ‘सर प्लीज माझं पेन्शन चालू करा’. खाली अकरा फोटो, त्यातले चार अंधारात काढलेले आणि एकात कागदापेक्षा टेबलावरची चहाची बशीच जास्त दिसत होती. पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘कडक राजे’. तो नातवाचा मेल आयडी.

मी फौजेत क्लार्क होतो. असे अर्ज टेबलाच्या पलीकडून पुष्कळ बघितलेत, तेव्हा ते कागदावर यायचे एवढाच फरक. पलीकडचा माणूस तुमचा वैरी नसतो. पण तो तुम्हाला ओळखत नाही, तो नंबर ओळखतो. नंबर नसेल तर तो कोणती फाइल काढणार? पाटील, जाधव, कांबळे तर प्रत्येक पलटणीत ढिगानं सापडतात.

म्हणून विषयातच आर्मी नंबर घाला, आणि तो शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. बरेच जण ते अक्षर सोडून देतात. नंबर टाइप करताना एखादा आकडा चुकला तर त्या अक्षरावरूनच ते कळतं. नंबरनंतर हुद्दा, नाव आणि चार शब्दांत काम. ‘अर्जंट’, ‘महत्त्वाचे’, ‘कृपया वाचा’ यातून कुणालाच काही कळत नाही.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ. भरतीच्या वेळी कुणी आडनाव आधी लिहिलं, कुणी बापाचं नाव गाळलं. बायकोचं नाव कधी माहेरचं लागलं, कधी ‘बाई’ जोडून. आधारवर तिसरंच. मेलमध्ये आधी सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे तेच नाव लिहा, अक्षरन् अक्षर. मग आधारवर काय आहे ते वेगळ्या वाक्यात सांगा. स्वतःच्या मनानं दुरुस्त केलेलं नाव विषयात टाकलं की शोधणाऱ्याला माणूसच सापडत नाही.

वहिनींचा मेल आम्ही पुन्हा लिहिला तो असा (नावं बदललीत; पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश):

विषय: आर्मी नंबर अमुक, माजी हवालदार पाटील दत्तात्रय (दिवंगत), पीपीओमधील पत्नीच्या नावाची दुरुस्ती

महोदय,
वरील नंबरचे माजी हवालदार हे माझे पती. त्यांचे निधन अमुक तारखेस झाले. पीपीओ क्रमांक अमुक. पीपीओमध्ये माझे नाव ‘शांताबाई’ आहे. आधार, पॅन व बँक खात्यावर ‘शांता’ आहे. या फरकामुळे फॅमिली पेन्शन सुरू झालेली नाही. नाव ‘शांता’ असे दुरुस्त करावे, ही विनंती. सोबत पीपीओ, मृत्यू दाखला, आधार व बँक पासबुकाचे पहिले पान जोडले आहे. आणखी कागद लागत असल्यास कृपया कळवावे.

खाली पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता आणि चालू मोबाइल नंबर. बस्स. मिस्टरांनी कुठल्या लढाईत काय केलं, घरात किती अडचण आहे, हे वहिनींना लिहायचं होतं. मला ते कळत होतं. पण क्लार्कला नावाची दुरुस्ती करायची आहे, आणि ती ओळ चौदाव्या ओळीखाली दडली तर तो चौदाव्या ओळीपर्यंत पोचेलच असं नाही.

पाठवताना आम्ही तो हिंदीत केला. इंग्रजी जमत नाही म्हणून कित्येक जण नेट कॅफेवाल्याकडून ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट’ छापाचं पानभर लिहून आणतात. काही गरज नाही. 1976 च्या राजभाषा नियमांनुसार केंद्राच्या कार्यालयानं हिंदीतल्या पत्राला हिंदीतच उत्तर द्यायचं असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला तर सरळ मराठीत लिहा.

आता दार. चुकीच्या दारावर कितीही थापा मारल्या तरी उपयोग नाही. नाव, जन्मतारीख, लग्नाची किंवा मुलांची नोंद हे रेकॉर्ड ऑफिसचं काम: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पेन्शनची रक्कम आणि ‘स्पर्श’ ही ऑनलाइन पेन्शन प्रणाली प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या संरक्षण लेखा कार्यालयाकडं. औषधपाण्याचं ईसीएचएसकडं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडं. ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, कल्याण निधी यासाठी इथलं जिल्हा कार्यालय. प्रत पाठवतानाही तेच. एका साहेबांनी राष्ट्रपतींपासून आमदारांपर्यंत सतरा जणांना प्रत लावली होती. वरची कार्यालयं तो मेल खालीच पाठवतात, आणि तो फिरून फिरून त्याच टेबलावर येतो, फक्त उशिरा.

कागदांबद्दल थोडक्यात: फोटो नकोत, मोबाइलमधल्या स्कॅनरनं सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा. फाइलला नंबर आणि आडनाव द्या. ‘स्कॅन 0001’ नावाच्या फाइली त्यांच्याकडं शेकड्यानं येतात. जीमेलवर 25 एमबीच्या वर गेलं की जोडपत्राची ड्राइव्ह लिंक होते, आणि सरकारी कार्यालयात अशी लिंक बहुधा कुणी उघडत नाही.

तरीही उत्तर आलं नाही तर आधी आपलंच घर तपासा. वहिनींच्या बाबतीत खरी मेख इथंच निघाली. नातवाच्या खात्यातली फुकटची 15 जीबी जागा रील आणि फोटोंनी ठासून भरलेली. जागा भरली की नवीन मेल आत येतच नाही, पाठवणाऱ्याकडं परत जातो. म्हणजे उत्तर आलंही असेल, कुणाला ठाऊक! आम्ही त्यांच्या नावाचं नवं खातं काढलं, त्यांच्याच मोबाइलवर. नेट कॅफेच्या आयडीवरून मेल करणाऱ्यांचंही असंच होतं, उत्तर कॅफेवाल्याला जातं. स्पॅमचा कप्पा बघा. ‘मेल डिलिव्हरी’ असं काही इंग्रजीत परत आलं असेल तर ते पुसू नका; पत्ता चुकलाय का पलीकडची पेटी भरलीय, ते त्यात लिहिलेलं असतं.

आठवण करून देताना नवा मेल नको. जुन्यालाच उत्तर द्या, म्हणजे आधीची तारीख आणि कागद सोबत जातात. तीनेक आठवडे वाट बघा, मग सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, तक्रार नोंदवा आणि तिचा नोंदणी क्रमांक पुढच्या मेलच्या विषयात घाला. त्याच्याही पुढं 10 रुपयांचा माहिती अधिकार आहेच. त्यात भांडू नका, ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली’ एवढंच विचारा.

ज्यांचे मालक अजून नोकरीत आहेत त्या भगिनींना एक सांगणं. शाळेला, बँकेला, बिल्डरला मेल करताना ‘साहेब सध्या अमुक ठिकाणी आहेत, अमुक तारखेला सुट्टीवर येणार’ असं लिहू नका. 56 एपीओ किंवा 99 एपीओ हा फौजी टपालाचा पत्ता असतो तो त्याचसाठी, खरं ठिकाण कळू नये म्हणून. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावानं लिंक असलेले मेल येतात, ओटीपी मागतात. पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल तर हात लावू नका. ओटीपी तर कुणालाच नाही.

रिटायर होऊन शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत अर्ज करणाऱ्या पोरांची चूक वेगळी. ‘सीएचएम होतो’ (कंपनी हवालदार मेजर) असं लिहितात. एचआरच्या मुलीला ते काय कळणार? शंभरेक जवानांची शिस्त, ड्युटी आणि हजेरी बघत होतो, असं लिहा ना.

वहिनींना चोविसाव्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी, एक संदर्भ क्रमांक, आणि प्रतिज्ञापत्राची मागणी. त्या धावतच आल्या. “आता नवा मेल लिहायचा का?”

“नाही, त्यालाच रिप्लाय,” म्हटलं, “आणि तो क्रमांक विषयात राहू द्या.”